गारोचे कागद

कूम रादिसाव,

हा नमस्कार रागातलाच समजा. वकीलबाई म्हणाल्या, आधी लेखी मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. पण तुम्ही आमचे कूम, माझ्या मुलीचे धर्मपिता. तुम्हाला मुदत द्यायला मन धजत नाही.

कुत्र्याचं पिल्लू विकताना तुम्ही म्हणालात, "अस्सल 'शारप्लानिनाच' जातीचा मेंढपाळ कुत्रा आहे, नोंदणीचे कागद पुढच्या आठवड्यात." आता गारो वासराएवढा झालाय. परवा कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षकाने त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, "याचे आईबाप कोण?" मी म्हणाले, "आमच्या कूमला माहीत." सगळं मैदान हसलं. कागदाविना त्याची पिल्लंही गावठीच ठरणार.

वकीलबाई म्हणाल्या, कुत्रा देऊन पैसे परत घ्या, नाहीतर कुत्रा ठेवून थोडे पैसे मागा, नाहीतर कोर्टातून कागद मागा. कुत्रा मी देणार नाही, लांडगे त्याला घाबरतात.

"करार आणा," म्हणाल्या.

"कूमकडून कोण लिहून घेतं? राकिया दारूचा पेला रिकामा केला, सौदा झाला."

"साक्षीदार?"

"पाद्रीबाबा. मुलीच्या बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

वकीलबाईंचं ते मागणीपत्र पाठवणार नाहीये, म्हणून इथे मुदतीची तारीखही लिहिलेली नाही. रविवारी नेहमीसारखे जेवायला या.

घरात तुमच्या सहीचा एकच कागद सापडला, मुलीच्या बाप्तिस्म्याचा. त्यात तिच्या आईबापाची नावं तुम्ही कुणाला न विचारता सांगितली होतीत. मग कुत्र्याच्याच आईबापाचं काय अडलंय हो?

तुमची कूमा, नाइलाजाने,
ल्युबिंका