तीस इंचाच्या तारा

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. एकट्यानेच. बायको, मंजूषा, गेल्यापासूनचं हे दुसरं नवरात्र.

माळ ओवताना कपाटावरची लेकीची, संपदाची बेस गिटार दिसली. तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला ती पाटावर होती. माझे पाने, कानस, मायक्रोमीटर, आणि शेजारी ती. मंजूषाने तिच्यावर झेंडूचं फूल वाहिलं होतं. मी गिटार उचलून बाजूला ठेवली. म्हणालो, "अवजारांत खेळणी नकोत." मंजूषा विळीवर जाऊन बसली. लेक बोलली — "बाबा, तुम्हाला या घरात फक्त तुमचेच हात दिसतात!" पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी पुण्याला गेली. आता रविवारी फोन. "जेवलात का?" "हो." संपलं.

यंदा ती गिटार पाटावर ठेवायची. पण चारांतल्या दोन तारा तुटल्यात. गावच्या शाळेत पाटीपूजनाला फुटकी पाटी चालत नसे, गुरुजी घरी परत पाठवायचे. म्हणजे आधी तारा.

२४ सप्टेंबर

शिफ्ट सुटल्यावर इंद्रपुरीतल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार गिरीश, पोरगेलासा, इथलाच हिंदी बोलणारा. "अंकल, स्केल कौन सी?" म्हटलं, सबसे लंबी दे दो. जास्त झाली तर कापू. सत्तावीस वर्षं फिटर आहे, दुसरं काय करतो!

२५ सप्टेंबर

कापली. अगदी मिलिमीटरमध्ये. जाड भाग खुंटीवर वळेचना. शिवाय कापलेल्या टोकाकडून तारेची गुंडाळी सुटत गेली, स्वेटर उसवावा तशी. देवीपुढे दिवा लावला, पण मन तारेतच.

२६ सप्टेंबर

गिरीश पोट धरून हसला. "अंकल, ये सरिया थोड़े ही है!" सरिया म्हणजे बांधकामाची सळई.

मग नीट समजावलं. तार टोकाकडे बारीक केलेली असते. तो बारीक भागच खुंटीवर गुंडाळायचा. म्हणून गिटारीला जुळेल त्याच लांबीची तार घ्यायची, कापून जुळवायची नाही. माप वरच्या हाडाच्या पट्टीपासून खाली तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंत. खुंट्या मापात धरायच्या नाहीत.

घरी मापलं. ७६२ मिलिमीटर. म्हणजे तीस इंच. गिरीशला फोन केला. "तो शॉर्ट स्केल है. छोटे हाथ वालों की. बिटिया के हाथ छोटे हैं क्या?"

नाहीत. संपदाचे पंजे माझ्यासारखे. आठवीत असताना माझे हातमोजे तिला बसायचे.

२८ सप्टेंबर, रविवार

"जेवलात का?" "हो." विचारावंसं वाटलं, एवढी लहान गिटार का घेतलीस? धीर झाला नाही. तिनेच विचारलं, "नवमीला सुट्टी आहे?" "आहे." तिकडे कुकरची शिट्टी झाली.

३० सप्टेंबर

छोट्या तारा आल्या. बसल्या! जाड भाग पट्टी ओलांडून थांबतो, मग बारीक, मग खुंटीवर तीन वेढे. कुठे ओढाताण नाही. छेडून पाहिली नाही. तेवढा हक्क वाटला नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाट मांडला. मधोमध गिटार. हळदकुंकू, झेंडू. संपदाला फोटो पाठवला, खाली लिहिलं — "तुझी गिटार. तेव्हा माझं चुकलं."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. रात्रीपर्यंत नाही. नैवेद्य एकट्याने खाल्ला.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी तिचा मेसेज. "बाबा, ती माझी नाही, आईची. माझ्या गिटारीवर तारा दाबायला तिची बोटं पोचेनात, म्हणून ही छोटी घेतली होती. तुमची फर्स्ट शिफ्ट असली की वाजवायची. मी शनिवारी येते. सूर मी लावीन."

मंजूषाच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे होते. फक्त डाव्या. मी ते विळीचे समजत होतो.