कोंडवाड्याच्या फाइलमधली कादंबरी

१ जानेवारी १९६२, सोमवार. सायंकाळी सात.

आजपासून कादंबरी. चारशे पाने. अमरावतीच्या खुशालरावांना तसे पत्र टाकले. त्यांचा छापखाना शाळेची गाइडे आणि लग्नपत्रिका छापतो, पण वर्षाला एक कादंबरीही काढतो. मागच्या आठवड्यात त्यांचे कार्ड आले होते : "मोतीरामजी, ३० एप्रिलपर्यंत आणून द्यान तं यंदाची तुमची. नाई तं दुसऱ्याची घेतो." माणूस व्यवहारी आहे. भाषेवर मात्र संस्कार नाहीत.

वय सत्तेचाळीस. वीस वर्षे अकोल्यात हेडक्लार्की. हजारो मसुदे लिहिले, पण एकाखालीही माझे नाव नाही. मजकूर माझा, सही साहेबाची. माझे नाव कुठेतरी छापलेले पाहिल्याशिवाय मला मरायचे नाही. बस, एवढेच.

ऑफिसात जाहीर केले. सगळ्यांनी चहा मागितला. शेजारच्या टेबलावरचा ज्युनिअर क्लार्क देवमन म्हणाला, "लय चांगलं झालं, बडेबाबू." हाही गोष्टी लिहितो म्हणे. जेवणाच्या सुट्टीत, शाळेच्या वहीत, पेन्सिलने. पेन्सिलीला टोकही ब्लेडने करतो. प्रत्येकाची झेप वेगळी.

७ जानेवारी, रविवार.

पेनाचा प्रश्न सुटला. तीन पेने घेतली. बारीक निब चिंतनासाठी, मध्यम संवादासाठी, जाड निसर्गवर्णनासाठी. दुपारभर जाड निबेने सही करून पाहिली. सत्तर सह्या झाल्या. त्यांतली अठ्ठावन्नावी पहिल्या आवृत्तीवर करायची, असे ठरले.

लेखनाला सुरुवात झाली असे म्हणायला हरकत नाही.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.

टेबल खिडकीपाशी सरकवले. उजेड डोळ्यांवर येतो. भिंतीपाशी सरकवले. उजेड येत नाही. दुर्गा तीळ भाजता भाजता बघत होती. ही माझी पत्नी, माहेर अंजनगाव सुर्जी, शिक्षण चौथी. म्हणाली, "तुमी लिवून राहिले का दुकान मांडून राहिले?"

घरात साहित्याचे वातावरण नाही. यापुढे घरी लिहायचे नाही.

२८ जानेवारी, रविवार.

एका इंग्रजी मासिकात वाचले की विलायतेतले लेखक कार्डांवर कादंबरी रचतात. एक कार्ड, एक प्रसंग. पत्त्यांसारखी पिसायची की कथानक तयार. आपल्याकडे कोणाला पत्ता नाही. लोक अजून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ लिहीत सुटतात, बैल नांगराला जुंपावा तसे.

छापखान्यातून चौसष्ट कार्डे कापून आणली. लाल प्रेमाची, निळी विरहाची, पिवळी निसर्गाची, हिरवी खलनायकाची. सर्वांवर क्रमांक टाकले. मजकूर नंतर. क्रम तीनदा बदलून पाहिला. तिसरा जास्त परिणामकारक वाटतो.

३ फेब्रुवारी, शनिवार.

आजपासून अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत, जग बुडणार, म्हणून गल्लोगल्ली होम चालू आहेत. माझा या भाकडकथांवर काडीचा विश्वास नाही. तरी पहिले प्रकरण आजच सुरू करणे शहाणपणाचे नाही. वाचकच उरले नाहीत तर?

६ फेब्रुवारी, मंगळवार.

जग आहे. होमाच्या धुराने डोळे आले. लेखन स्थगित.

११ फेब्रुवारी, रविवार.

पेन हे साधनच चुकीचे आहे. विचार धावतो, हात मागे राहतो. टाइपरायटर पाहिजे. ऑफिसात दोन आहेत. नवे मराठी मशीन साहेबांच्या स्टेनोच्या ताब्यात असते आणि तो त्याला बायकोसारखा जपतो. जुने मध्य प्रदेशच्या काळातले, हिंदी. त्यावर ळ नाही. प्रेमळ नायिका टाइप कशी करायची? तरीपण सुट्टीच्या दिवशी किल्ली मागून ऑफिसात बसलो आणि पान एक पूर्ण केले. "वेदनेचे वलयांकित शिखर". खाली माझे नाव. दोनदा ठळक केले.

सुंदर दिसते. तासभर पाहत बसलो.

२६ फेब्रुवारी, सोमवार.

इलेक्शन ड्यूटीवरून परत आलो. मूर्तिजापूरकडच्या खेड्यात सहा दिवस. देवमन बरोबर होता. त्याने वही नेली होती, मी काहीच नेले नव्हते, कारण चौसष्ट कार्डे आणि मशीन घेऊन बैलगाडीत बसता येत नाही. येताना मूर्तिजापूर स्टेशनवर तीन तास गाडीची वाट पाहिली. समोर मोठा तमाशा. एक बाई नवऱ्याला सोडून माहेरी निघाली होती आणि सासू तिच्या ट्रंकेवर बसून उठत नव्हती. तिची गाडी आली, गेली, तरी सासू ट्रंकेवरच. शेवटी बाई ट्रंक तिथेच टाकून नेसत्या लुगड्यानिशी पायी निघाली. सासू मागून हाक मारत होती की अगं, निदान शिदोरी तरी घेऊन जा.

कार्डे जवळ नसल्यामुळे मला त्या तीन तासांत काहीच सुचले नाही. फुकट गेले.

५ मार्च, सोमवार.

माझी चूक आज लक्षात आली. विलायती पद्धती विलायतेत चालतात. आपली पद्धत ऑफिसची. वीस वर्षे मी ज्या पद्धतीने मसुदे केले, त्याच पद्धतीने कादंबरी होणार. म्हणजे फाइल. जाड पुठ्ठा, लाल फीत, क्रमांकित पाने. पानांवर आधी क्रमांक पडले की मजकुराला पळता येत नाही.

ऑफिस सुटल्यावर थांबून नंबरिंग मशीनने १ ते ४०० क्रमांक मारले. हात भरून आला. निम्मे काम झाले.

कोणी उघडून पाहू नये म्हणून फाइलवर नाव घातले "कोंडवाडा दुरुस्तीबाबत". जगात कोंडवाड्याची फाइल आपणहोऊन कोणी उघडत नाही. ऑफिसच्या मोठ्या कपाटात, खालच्या फळीवर, अशाच तीसेक फायलींत ठेवली. यापेक्षा सुरक्षित जागा रिझर्व्ह बँकेतही नसेल.

अर्पणपत्रिका टाइप केली, पान दोन. "ज्यांनी मला कधीच जाणले नाही, त्या अकोलेकरांस."

१९ मार्च, सोमवार.

देवमनची गोष्ट नागपूरच्या एका साप्ताहिकात छापून आली. ऑफिसात पेढे. अंक टेबलाटेबलावरून फिरला, साहेबांनीही मागवला. नाइलाजाने वाचली. गोष्ट काय, तर एक बाई माहेरी निघाली आहे आणि सासू तिच्या ट्रंकेवर बसून आहे. अरे, हे तर मीही पाहिले होते. पाहिलेलेच लिहायचे तर लेखक कशाला, पंचनामा करणारा पोलीसही चालेल. शिवाय माणसे अस्सल वऱ्हाडीत बोलतात. एकाही पानावर सूर्यास्त नाही.

चपराशी पुंजाराम दोनदा वाचून घेऊन डोळे पुसत होता. तो काहीही ऐकून डोळे पुसतो.

देवमनला मी एवढेच म्हणालो की पेन्सिल सोड, नाहीतर आयुष्यभर असेच लिहीत राहशील. तो हसला.

ऑफिस सुटल्यावर मागे राहून अनुक्रमणिका टाइप केली. पान तीन. चाळीस प्रकरणे, सगळ्यांना नावे. प्रकरण सतरावे : "निःशब्दाचे पडसाद". याच्या नावावरूनच पुरस्कार मिळावा.

२ एप्रिल, सोमवार.

आमचे जुने ऑफिस १ मेपासून बंद होऊन जिल्हा परिषदेत जाणार. त्याआधी सगळ्या कपाटांतले रेकॉर्ड निवडायचे आहे. अ, ब, क वर्ग ठेवायचे, ड वर्ग जाळायचा. जबाबदारी माझ्यावर. कादंबरी ऐन भरात असताना हे लचांड. याद्या करण्याचे काम देवमनला दिले. साहेब कागदाबाबत काटेकोर आहेत, म्हणून यादीत लिहिलेली पाने आणि कोरी पाने असे दोन वेगळे रकाने.

८ एप्रिल, रविवार.

रविवार असूनही ऑफिसात जाऊन ऋणनिर्देश टाइप केला. पान चार. तीन पेनांचे, नंबरिंग मशीनचे आणि लाल फितीचे आभार मानले. दुर्गाचेही मानणार होतो, पण जागा संपली.

आता फक्त मजकूर राहिला. बावीस दिवस आहेत. रोज अठरा पाने. सहज.

१५ एप्रिल, रविवार.

रोज सत्तावीस पाने. शेवटचा टप्पा घरीच लिहायचा, पण उन्हाळा फार आहे. वाळ्याचा पडदा लावल्याशिवाय मेंदू चालणार नाही. पडदा आणला. पाणी मारायला दुर्गाला सांगितले. तिने बादली माझ्यापुढे आणून ठेवली.

१८ एप्रिल, बुधवार.

देवमन याद्या घेऊन आला. म्हणाला, "बडेबाबू, कोंडवाड्याच्या एका फायलीत काहीतरी येगळंच दिसून राहिलं. येकडाव तुमी पाहून घ्या." मी बारीक निब पाण्यात बुडवून साफ करत होतो. त्याला म्हणालो, तू सातवीत होतास तेव्हापासून मी कोंडवाडे पाहतो आहे. त्यांत गाढवांशिवाय काही निघाले नाही. कोंडवाडा आणि दुरुस्ती, या नावाच्या सगळ्या फायली ड वर्गात टाक.

"पण पाहून तं घ्या," पुन्हा तेच. तरुण पिढीला हुकूम एकदा कळत नाही. मी यादीच्या एकतीसही कागदांवर सह्या ठोकल्या. जाड निबेने. अठ्ठावन्नावी सही आता हातात बसली आहे.

आपल्या हाताखालच्यांना झटपट निर्णय म्हणजे काय ते असे दिसले पाहिजे.

२६ एप्रिल, गुरुवार.

ऑफिसच्या मागे ड वर्ग जाळला. मी साक्षीदार. ऊन, त्यात आगीची धग. पुंजाराम गठ्ठे टाकत होता, मी सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. वीस-वीस वर्षांचा टाकाऊ मजकूर पाहता पाहता राख झाला. बरे वाटले. किती माणसांनी किती वेळ घालवला हे लिहिण्यात, आणि वाचण्यासारखे एक अक्षर नाही. पुंजारामला मी तसे म्हणालोही. तो म्हणाला, "हाव जी. येक गठ्ठा तं कोराच व्हता." मी हसलो. कोऱ्या कागदाची फाइल करणारा महाभाग कोण असेल?

पंचनाम्यावर सही केली. "वरील सर्व माझ्यासमक्ष जाळण्यात आले."

लेखनाला शनिवार-रविवार, दोन दिवस आहेत. रोज १९८ पाने. रात्री झोप कमी केली तर होईल.

२८ एप्रिल, शनिवार.

फाइल नेण्यासाठी कपाट उघडले. खालची फळी मोकळी.

देवमनला विचारले. तो खाली पाहून म्हणाला, "मी दोनदा सांगतलं व्हतं, बडेबाबू. फाइल उघडून तुमचं नाव दिसलं म्हणून तं आलो व्हतो तुमच्यापाशी. चारचौघांत कसं सांगू?" ऑफिसात कोणी हसले नाही. पुंजारामने न मागता पाणी आणून दिले. मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आले. खरे रडू. माझे नाव दोनदा ठळक केलेले होते.

दुपारी चार.

शांतपणे विचार केला. ही दुर्घटना लहान नाही. चारशे पानांचे हस्तलिखित भस्मसात होणे, हे सामान्य लेखकाच्या वाट्याला येत नाही. खुशालरावांना परवाच प्रत्यक्ष भेटून सांगायचे. निदान वर्षाची मुदत मिळेल, सहानुभूती वेगळी. तोंडी गोष्टीवर मात्र कोणी विश्वास ठेवत नाही, हे वीस वर्षांत शिकलो आहे. पंचनामा आणि यादी यांची प्रमाणित नक्कल करून घेतली. शिक्का, तारीख, सगळे चोख.

३० एप्रिल, सोमवार. सायंकाळी साडेपाच, अमरावती बसस्टँड.

खुशालरावांनी आधी चहा मागवला. मी सगळे सांगितले. ते मान हलवत होते, म्हणाले, "लय वाईट झालं, मोतीरामजी. पोटचं पोरच गेलं म्हणा ना." मला वाटले, जिंकले. मी नक्कल त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी चष्मा लावला आणि रकान्यांवरून बोट फिरवत गेले. बोट थांबले. मोठ्याने वाचले : "कोंडवाडा दुरुस्तीबाबत. लिहिलेली पाने चार. कोरी पाने तीनशे शहाण्णव." मग खालची माझी सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

"चार पानांत काय व्हतं?"

मी सांगितले. नाव, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश. सांगताना मलाच ऐकू आले. खोटे सांगता आले असते, पण नकलेवर शिक्का होता.

ते हसले असते तर बरे झाले असते. मी त्यांना अडाणी म्हणून मोकळा झालो असतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "आता काय करता? यंदाची मी दुसऱ्याची घेतो." नक्कल घडी करून माझ्या हातात दिली आणि दारापर्यंत सोडायला आले. तिथे थांबून म्हणाले, "पाचवीच्या भूगोलाचं गाइड छापून राहिलो. प्रुफं पाहाले माणूस पाह्यजे. तुमची नजर ऑफिसातली, बारीक हाय. पाहता का? नाव मात्र छापत नाई आमी."

मी हो म्हणालो.