बशीरभाईच्या ॲम्प्लिफायरचं खोकं

३ जून, लातूर
आज बशीरभाई माझ्या सुतारकामाच्या दुकानात. नऊ वर्षांनी. नांदेडहून एस.टी.नं आला, टपावर गिटारच्या ॲम्प्लिफायरचं खोकं. मीच बनवलेलं, आमच्या ऑर्केस्ट्रासाठी. तो गिटार, मी ढोलक. आता चारी कोपरे उघडलेत, बोट आत जातं. एवढंच म्हणाला, "कोपरे पक्के करून दे, दत्ता."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ जून
कोचिंगवाल्या सरांचे चाळीस बाक राहिलेत, तरी आधी खोकं घेतलं. जुना सरस खरवडला. प्लायवूडचे पदर सुटलेत. बशीरभाई दिवसभर स्टुलावर. विचारलं, वाजवणार का? "इथं पोरं लई येऊन राहिलीत शिकायला. दोन-चार गिटार शिकतील." खोली घेतलीय म्हणे, क्लासच्या गल्लीत. या पोरांना जेवायला सवड नाही. मी खरवडत राहिलो.

६ जून
लिहूनच टाकतो. भूकंपाच्या आदल्या दिवशी तो नांदेडच्या कार्यक्रमाला येत नव्हता. पोरगी तापलेली. मी त्याच्या गावात जाऊन ओढून आणला. "एका दिवसानं काय होतंय?" मीच म्हणालो. आम्ही वाचलो. भाभी आणि पोरगी घरातच...
त्याच्यापुढं हे कधी बोललो नाही. त्यानंतर भेटलोच नाही.

८ जून
आतून कोपऱ्यांत सागवानी ठोकळे बसवले, सरस आणि स्क्रू. तीन सांधे धरले. चौथ्यात लाकडाचा भुसा झालाय, स्क्रू नुसता फिरतो. कुजकं कापून नवा तुकडा घातला, शिकंजा आवळला.
सर बाक बघायला आले. खोक्यावर थाप मारली. "हॉलमधल्या माईकला चालंल की. विकता का?" मी म्हणालो, बघू.
बशीरभाई मागंच उभा होता.

९ जून
आला नाही.

१० जून
खोलीवर गेलो. दारावर कागद, 'गिटार शिकवतो'. कुणी आलं नाही. सांगितलं, विकणार नव्हतो. "विक की. मला काय ऐकायचंय आता?"
मग तोंडातून गेलंच. मी ओढून आणलं तुला, बशीरभाई. माझ्यामुळं.
तो म्हणाला, "तू नसतं आणलंस, तर मी त्यांच्याजवळ असतो." रागानं नाही म्हणाला. बाहेर आलो. घरी कसा पोचलो आठवत नाही.

११ जून
रंधा हातात धरवेना. बाक तसेच.

१२ जून
शिकंजा काढला. हलवून, दाबून बघितलं. कुठं करकर नाही. हातगाड्यावर घालून खोलीवर नेलं. त्यानं एक बाजू धरली, मी एक. भिंतीशी ठेवलं. मी म्हणालो, "गिटार लाव, आवाज बघू."
"गिटार नांदेडलाच हाय. आणलीच न्हाई."
मग नुसतं खोकं घेऊन माझ्याकडं का आला होता?
उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला चाललाय. गिटार आणायला, का कायमचा, सांगितलं नाही.