आधी पुढचं लाकूड, मग दस्ता

अण्णा, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. बोपोडीच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना काय लिहायचं? आणि मी कुवेतला आलो तेव्हा तुम्ही जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईला फोन करायचो, ती पाच मिनिटांतली तीन मिनिटं रडायची, झालं. आज लिहायला बसलोय ते एका रायफलीबद्दल. घाबरू नका, मी घेतलेली नाही. इथे आपल्यासारख्या परक्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. घेतली माझ्या मुदीरनं, म्हणजे साहेबानं, रीतसर रुख्सा, म्हणजे परवाना, काढून, शोभेसाठी. पण निवडून दिली मी. तुमची शपथ, त्या दिवशी हात माझे होते, पण अक्कल सगळी तुमची होती.

आधी एक जुनी गोष्ट सांगून टाकतो. चौऱ्याण्णव साली मुंबईला मुलाखत झाली, इथल्या शुवैख भागातल्या जनरेटर दुरुस्तीच्या वर्कशॉपसाठी. मुदीर स्वतः आला होता. त्याचं लहानपण मुंबईत गेलेलं, बाप खजुराचा व्यापारी, त्यामुळे हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलतो. त्यानं विचारलं, बाप काय करायचा? मी म्हणालो, मिलिटरीत होते. तो खूश झाला. ‘ऑफिसर?’ आणि माझी मान हलली. एवढंच. पुढची दहा वर्षं तो येईल-जाईल त्याला माझी ओळख करून द्यायचा, ये ऑफिसर का लडका है. मला फोरमन केलं तेव्हाही हेच म्हणाला, ऑफिसर का खून है, लोकांना सांभाळेल. आणि तुम्ही तर लष्कराच्या वर्कशॉपात रायफलींना लाकूड बसवणारे सुतार. सकाळी डबा घेऊन सायकलवर जाणारे, संध्याकाळी जवसाच्या तेलाचा वास घेऊन येणारे. त्या वासाची मला लाज वाटायची, अण्णा. मित्र घरी आले की मी खिडकी उघडायचो.

तो वास आता मला हवा असतो आणि मिळत नाही. रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात फतकल मारून बसायचात, आईचं पोळपाट-लाटणं मांडीवर घ्यायचात आणि तळहाताच्या टाचेनं तेल जिरवत राहायचात, लाकूड गरम होईपर्यंत. आई कावायची, ‘अहो, पोळ्या करायच्यात मला, लढाईला नाही जायचंय!’ तुम्ही म्हणायचात, वार्निश म्हणजे नुसतं थोबाड रंगवणं, तेल आत जातं. रायफलीच्या लाकडाला तुमच्याकडे फर्निचर म्हणायचे, त्यावरून आई तुम्हाला छेडायची की मग घरात एक खुर्ची का नाही? आणि काम शिकवायचात ते असंच, मला नको असताना. आधी पुढचं लाकूड काढायचं, मग मागचा दस्ता. दस्त्याचा बोल्ट आधी फिरवलास तर पुढचं लाकूड आतून चिरतं, बाहेरून कळतही नाही. मी म्हणायचो, अण्णा, मला परीक्षा आहे. तुम्ही म्हणायचात, ही पण परीक्षाच आहे.

सातवीतली ती पेनाची पेटीही आठवत असेल तुम्हाला. तुम्ही केलेली, सागवानी, एकही खिळा नसलेली. मी खाली माझं नाव कोरून ती शाळेच्या प्रदर्शनात ठेवली आणि पहिला नंबर आणला. तुम्ही ओरडला नाहीत. सोमवारी खाकी कपड्यांतच माझ्याबरोबर शाळेत आलात आणि वर्गासमोर सरांना म्हणालात, हे काम माझं आहे, पोराचं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी आल्यावर तुम्ही पटाशीनं माझं नाव तासून काढलंत आणि तिथे तुमची खूण केलीत, दोन टिंबं आणि खाली रेघ. वर्कशॉपात प्रत्येक कारागीर अशी खूण नळीखालच्या खाचेत पेन्सिलीनं करायचा, तक्रार आली तर तोंड लपवता येऊ नये म्हणून. ‘दुसऱ्याच्या हातचं काम आपलं म्हणून सांगायचं नाही,’ तुम्ही म्हणालात. ‘ज्याचं काम, त्याची खूण.’

तर दोन हजार चारच्या थंडीत, एका शुक्रवारी सकाळी मुदीर मला वफ्राला घेऊन गेला. तिकडे शेतं आहेत, काकड्या-टोमॅटोची प्लास्टिकची घरं, खजुराची झाडं. एका म्हाताऱ्या शेतमालकाकडे दोन जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, तुमच्या वर्कशॉपात यायच्या तशाच, विकायच्या होत्या. चटईवर मांडलेल्या, शेजारी कहव्याची किटली. एक आरशासारखी चकचकीत, दुसरी काळपट, मळकट. मुदीरची नजर अर्थातच चकचकीतवर. ‘तू ऑफिसर का लडका, देख के बोल.’

मी ती उचलली आणि पहिल्यांदा वार्निशचा वास आला. गोळी भरताना मागे-पुढे सरकतो त्या बोल्टवरचा नंबर एक, रायफलीच्या अंगावरचा दुसराच. तुम्ही म्हणायचात ना, दुसरीचा बोल्ट घालणं म्हणजे शेजाऱ्याची कवळी घालून जेवायला बसणं. मग मळकी हातात घेतली. नंबर दोन्हीकडे एकच. लाकूड धातूला असं बसलेलं की मध्ये नख जाईना. अंगठा घासला, नाकाशी नेला, आणि अण्णा, बोपोडीचं स्वयंपाकघर माझ्या नाकात शिरलं. मी म्हणालो, ही घ्या. म्हातारा चिडला. चकचकीत विकली गेली तर त्याला जास्त मिळणार होते. आतून गंजलेली निघेल ही, बघाच, म्हणत त्यानं लांब पेचकस उचलला, दस्त्याच्या मागचं झाकण उघडलं आणि आत घातला.

‘अहो थांबा! फुटेल ते!’ मी चक्क मराठीत ओरडलो आणि त्याचा हात धरला. आधी पुढचं, आधी पुढचं, असं काहीतरी बडबडत होतो. मुदीर माझ्याकडे बघतच राहिला. ‘ऑफिसर लोग ये काम करता है?’

सांगायला कितीतरी थापा होत्या. फोरमनची जागा होती, एगैलामधलं कंपनीचं घर होतं, मुलगी शाळेत होती. पण हातात ते लाकूड होतं आणि ते धरून मला खोटं बोलवेना. म्हणालो, माझे वडील ऑफिसर नव्हते. वर्कशॉपात सुतार होते. हीच लाकडं बसवायचे, सत्तावीस वर्षं.

मुदीरनं म्हाताऱ्याच्या हातातला पेचकस घेऊन मला दिला. मग म्हणाला, ‘खोल.’ मी खोलली. पट्ट्या, वरचं लाकूड, खालचं लाकूड, तुम्ही शिकवलेल्या क्रमानं. एक ओरखडा पडू दिला नाही. गंजाचा ठिपका नव्हता. आणि नळीखालच्या खाचेत पेन्सिलीची फिकट खूण होती. मी त्याला तुमच्या वर्कशॉपची ती पद्धत सांगितली. तो वाकून बघत राहिला. ‘तेरे बाप का है?’

‘हो,’ मी म्हणालो.

त्यानं तीच रायफल घ्यायचं ठरवलं, पण परतीच्या वाटेवर गाडीतला रेडिओ मोठा करून ठेवला. मला वाटलं, संपलं. घरी बायकोला सांगितलं, बॅगा बघून ठेव. मुलगी म्हणाली, ‘आजोबा मेड गन्स? सो कूल!’ आणि मी तिच्यासमोर ढसाढसा रडलो. पंधरा दिवसांनी मुदीरचा फोन, संध्याकाळी दिवाणियात ये. म्हणजे त्यांची बैठकीची खोली, तिथे नोकरांना सहसा बोलावत नाहीत. भिंतीवर ती रायफल टांगलेली, पाहुणे चहा पितायत. त्यानं मला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, हे लाकूड याच्या बापानं बसवलंय. एका म्हाताऱ्यानं उठून लाकडावरून हात फिरवला आणि माझा हात हातात घेतला. माझा चहा तसाच निवला, मी त्या लाकडाकडेच बघत होतो. अजूनही तो तसंच सांगतो, दर पाहुण्याला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. त्या सागवानी पेटीत ठेवणार आहे, ती मी इथे आणलीय. पण ठेवण्याआधी एक सांगतो. खाचेतली खूण तुमची नव्हती, अण्णा. एक गोल होता आणि त्यात फुली. कोणा दुसऱ्याच्या बापाचं काम आहे ते, आणि फार सुरेख काम आहे. तुम्ही असतात तर मला धरून त्या दिवाणियात नेलं असतंत आणि सगळ्यांसमोर सांगितलं असतंत, हे माझं नाही. माहीत आहे मला. पण या वेळी मी तुमचं ऐकलं नसतं.