हंड्यात बोटं नकोत

घाटकोपर

चिरंजीव धाकूस थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. मी सांगते आणि नात श्रुतिका लिहिते आहे, तेव्हा अक्षर बघून मी शाळेत गेले असं समजू नकोस.

मी बरी आहे. मध्ये पोट बिघडलं होतं, आता भात पोटात राहतो. तुझ्या नातीचे, रश्मीचे जुलाब थांबले का? पोर फार वाळली का रे?

श्रुतिका कॉलेजच्या अभ्यासासाठी चाळीचाळीतून पाणी गोळा करते आणि त्यातले जंतू वाढवून बघते. माझ्या हंड्यातलंही मागितलं. मी म्हटलं, "ने गं, रोज चिंच लावून घासते!" मग तिने काचेच्या बश्यांचे फोटो दाखवले. नळाच्या पाण्याची बशी कोरी, माझ्या हंड्याची रवा सांडल्यासारखी ठिपक्यांनी भरलेली. हंडा चकचकीत, पण तांब्या बुडवताना माझी बोटं रोज आत आंघोळ करतात. तुमच्याकडे तर अख्खं घर बोटं बुडवतं, गोठ्यातून उठून आलेला तूसुद्धा.

तेव्हा आजच करवंटीचा डाव कर, हातभर दांड्याचा. तुझ्यासारखा डाव गावात कुणी करत नाही, एवढी स्तुती पुरे. पाणी त्यानेच काढायचं आणि रश्मीला उकळून द्यायचं. तरी जुलाब थांबले नाहीत तर तिला दवाखान्यात ने, माझ्या उत्तराची वाट बघू नकोस.

शिमग्याला येईन तेव्हा आधी डाव ओला आहे का ते बघेन, मग तुझं तोंड.

तुझी बाय,
वनमाला