सदतीस मणी, तीन जावा

कोऱ्हाळे, १२ नोव्हेंबर १९९४

आज आलं: गूळ दोन किलो, बावीस रुपये, हरभऱ्याची डाळ किलोभर, अठरा. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचा स्वयंपाक मी एकटीनं केला.

जेवणं उरकल्यावर थोरल्या दिरांनी, तात्यांनी, सासूबाईंची बोरमाळ काढली. सोन्याचे मणी सदतीस, सुना तीन. म्हणाले, "सदतीसला कशानंच भाग जात न्हाय. थोरलीच्या गळ्यात राहू द्या."

खरंय, मूळ संख्या. मीही मॅट्रिकला शिकले. पण त्याच सदतीसला तीननं गुणलं की एकशे अकरा, तीन एक्के शेजारी शेजारी. लोकांना आम्ही तिघी जावा तशाच दिसतो.

मी म्हटलं, "तात्या, एक मणी देवीला वाहू. छत्तीस उरतील, बारा-बारा येतील."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "देवीच्या आडून सोनं मागतीस व्हय गं?" सगळे हसले. हेसुद्धा हसले.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सगळं मीच केलं. तेव्हा भागाकार कुणाला आठवला नाही.

एक मणी देवीला, एवढंच तर म्हटलं!

धाकटी जाऊ सुमन संध्याकाळच्या गाडीनं कळंबला गेली. उद्या तिला कार्ड टाकते: तुला बारा मणी हवेत की नकोत? कुणाला न विचारता, तुझं तू, उलट टपाली कळव.