शिवलेली पानं

आई, पुढच्या रविवारपर्यंत आमच्या वाचनगटाचं पुस्तक ठरायचं आहे, आणि मला ते निवडण्याचा मनापासून कंटाळा आलाय. तुला सांगून उपयोग नाही हे कळतं मला. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्या वयाची मीच झालेय. गुडघे तुझ्यासारखेच कुरकुरतात, आणि चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची तुझी सवयही वारशानं माझ्याकडं आलीय. पण दुसऱ्यासाठी पुस्तक आधी वाचून बघायचं म्हणजे काय, ते आपल्या घरात फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. म्हणून तुलाच लिहिते.

गट म्हणजे फार मोठं काही नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून मी तो सुरू केला. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही दहा-बाराजण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचलेलं असतं, त्यावर भांडतो, चहा पितो आणि घरी जातो. पुस्तक आळीपाळीनं एकेकानं निवडायचं असं ठरलं होतं. ते किती दिवस टिकणार? ‘मॅडम, तुमीच ठरवा की, तुमी आदी वाचून बघितलेलं आसतंय,’ असं करत करत सगळ्यांनी ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. चहात साखर किती तेही मीच बघायचं आणि पुस्तकात रडणं किती तेही मीच. यंदा तर नुसती दुःखंच वाचून झाली. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आमच्यात आहेत, आवाज अजून कचेरीतलाच आहे. त्यांनी एका रविवारी पुस्तक टेबलावर आपटलं. ‘आवो मॅडम, पेपरात बी हेच आन पुस्तकात बी हेच. जादूबिदूचं कायतरी काढा की!’ तरुण पोरींनी लगेच ‘फँटसी, फँटसी’ करून माडी डोक्यावर घेतली. मी हो हो म्हणून वेळ मारून नेणार होते. पण त्याच संध्याकाळी गडमुडशिंगीच्या बाईंचा मेसेज आला.

या बाई म्हणजे आमच्या गटातला सगळ्यात मोठा आवाज. घरी म्हशी आहेत. सकाळचं दूध घातलं की गोठ्याच्या दारात बसून पुस्तक वाचायच्या, त्यांच्या पुस्तकातून वैरणीचा चुरा पडायचा. जे पटत नाही ते तोंडावर सांगायच्या आणि हसायच्या तर खाली रस्त्यावरचा माणूस वर बघायचा. गेल्या वर्षी त्यांचा तरणाताठा मुलगा हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून त्या आल्या नव्हत्या. मी भेटायला गेले होते, चहा घेतला, म्हशींची चौकशी केली आणि परत आले. एवढी वर्षं पोरांना भाषा शिकवली, पण एक वाक्य सुचलं नाही. आता मेसेज होता: ‘मॅडम खरं नसल्यालं कायतरी घ्या. मी येतो.’ आई, मला दुसऱ्या कशाचं काही नव्हतं. साहेब काय, पोरी काय, त्यांना काहीही चाललं असतं. मला ती बाई परत यायला हवी होती. एक पुस्तक चुकलं तर ती पुन्हा जिना चढणार नाही, ही धास्ती घेऊन मी जादूच्या राज्यात शिरले.

काय सांगू तुला तिथलं! ढीग आणला पुस्तकांचा, मराठीतली होती, भाषांतरं होती, एकेक उशीएवढं जाड. उघडलं की आधी नकाशा. मग जिभेला गाठ बसेल अशी नावं. मग एक सुखी गाव. ते गाव दिसलं की मी समजायचे, हे तिसऱ्या प्रकरणात जळणार. पांढऱ्या दाढीचा जादूगार आला आणि पोराला प्रेमानं काही शिकवायला लागला की त्याचीही वेळ भरली म्हणायची. नायक तर बहुतेक पोरकाच. मला वाटलं होतं, माणसानं अख्खं जग मनानं रचायचं ठरवलं तर निदान त्यात मरण तरी ठेवणार नाही. तर कसलं काय, आपल्या कोल्हापुरापेक्षा तिकडं जास्त माणसं मरतात. डोळ्यांची आग व्हायला लागली. वाचायचं सुख कुठंच नव्हतं, तांदूळ निवडावेत तशी मी मरणं निवडत होते. आणि एका दुपारी पुस्तक मांडीवर घेऊन बसले असताना आठवलं की हे काम आपण पूर्वी केलंय.

माझ्या पाठचा धाकटा तापानं गेला तेव्हा मी सहावीत होते. कितीतरी दिवस तू पुस्तकाला हात लावला नाहीस. मग एक दिवस कागलच्या आपल्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढं भाकरी थापतेयस, मी पाटावर बसून अभ्यास करतेय, आणि तू मागं न बघता म्हणतेस, ‘ते लायब्ररीचं पुस्तक आदी तू वाच. ल्हान पोर मरतंय काय बघ. मरत आसलं तर तेवढी पानं शिवून टाक. मला कळाय नको.’ मी वाचलं. एक पोर होतं, मरत होतं. सुईदोरा घेतला आणि पानांच्या कडेला तीन सैल टाके घातले, पुस्तक परत करताना उसवता येतील असे. तिथून ती आपल्या घरची रीतच झाली. लायब्ररीवाल्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते ओरडले, ‘भोकं पाडून वाचत्यात व्हय तुमच्यात पुस्तकं?’ मी मान खाली घालून दुसरं पुस्तक घेतलं. तू वाचायला बसलीस की मी तुझ्याकडं बघत बसायचे. तुझा हात टाक्यांपाशी यायचा, शिवलेला गठ्ठा तू एकदम उलटायचीस आणि पुढं वाचायला लागायचीस. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटायचं.

एकदाच चुकलं. एका कादंबरीत मी मुलाचं मरण शिवलं, आणि पुढं कितीतरी पानांनंतर त्याचा मामा जेवताना सहज म्हणतो की आज तो असता तर दहा वर्षांचा झाला असता. तेवढं एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं. तव्यावर भाकरी होती, ती करपून धूर झाला तरी तू उठली नाहीस. मी धावत आले तर तू पुस्तक मिटून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, ‘तुला एक काम सांगितलं हुतं.’ ओरडली नाहीस, मारलं नाहीस. त्यानंतर मी प्रत्येक पुस्तक दोनदा वाचायला लागले. धाकट्याचा फोटो ट्रंकेत गेला होता, त्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं, आणि मी मात्र दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पुस्तकात त्याला पुन्हा जाताना बघत होते. याचा विचार मी तेव्हा केला नाही.

तर शेवटी एक कादंबरी सापडली. तिच्यातली नदी डोंगराकडं उलटी वाहते, आणि काठावरच्या गावात एक मुलगी नाव चालवते. फार गोड पुस्तक, वाचताना दोन-तीनदा मी एकटीच हसले. फक्त मध्यावर तिचा धाकटा भाऊ नदीचा हरवलेला आवाज शोधायला पाण्यात उतरतो आणि परत येत नाही. मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. गडमुडशिंगीच्या बाईंची प्रत घेतली आणि ती पानं शिवली. पुढचीही सगळी वाक्यं तपासली, दोन वाक्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पुस्तक पाठवलं आणि फोनवर सांगितलं, ‘शिवलेलं सोडून वाचा, कथेत काही बिघडत नाही.’ त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या.

परवाच्या रविवारी त्या आल्या. पायऱ्यांवर त्यांचा आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं. सगळे जपून बोलत होते. मी आधीच प्रत्येकाला फोन करून बजावलं होतं. पण साहेबांना राहवलं नाही. ‘त्यो भाऊ पाण्यात उतरतोय ती पानं म्हंजे…’ एवढं बोलले आणि मी डोळे वटारल्यावर चहात बिस्कीट बुडवत बसले. तेव्हा बाई हसल्या.

‘बोला की सायेब. वाचलंय मी ते. दोरा कापला.’ मग माझ्याकडं वळल्या. ‘रागावू नगा मॅडम. पैल्यांदा तुमी सांगितलं तसं सोडून म्होरं गेलतो. तर म्होरं ती पोरगी नाव सोडून बसल्याली, गाव सारं गप, आन मला कळंना का. माझ्या घरात बी आसंच हाय बगा. मी आत आलो की बोलनं बंद. पोराचं नाव निघालं की ताट पुढं सारत्यात, जेव म्हनत्यात. आवो, त्यो गेलाय ते मला म्हाईत न्हाय व्हय? मला त्याचं कुणाशी तरी बोलायचं हाय, तर समद्यांनी मिळून त्याची पानंच शिवून टाकल्यात.’

आणि त्या बोलल्या. पुस्तक राहिलं बाजूला. मुलगा लहानपणी म्हशीवर बसून शाळेला जायचा हट्ट कसा करायचा, त्याला कारल्याची भाजी कशी आवडायची, असलं काहीबाही सांगत राहिल्या, रडल्या, मध्येच मोठ्यानं हसल्या. साहेबांनी चष्मा पुसला. मी ऐकत होते आणि मला तुझा राग येत होता, आई. इतक्या वर्षांनी, साठी उलटल्यावर, भर माडीवर. आपणही बोलू शकलो असतो. आपला धाकटा झोपेत बडबडायचा, त्याला ‘र’ म्हणता यायचा नाही, तुझ्या पदराचं टोक चोखायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायचं ते तुलाच होतं.

निघायच्या वेळी पोरी म्हणाल्या, पुढच्या महिन्यालाही असलीच जादूची कादंबरी घेऊया. सगळ्यांचे डोळे सवयीनं माझ्याकडं वळले. म्हटलं, ‘या वेळी मला जमणार नाही. मी दमलेय.’ बाई पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, ‘मग ह्या टायमाला मी वाचतो आदी. तुमी आरामात वाचा मागनं. पन तुमाला काय नगं ते आदी सांगा मला.’

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. सगळे उभे होते, वाट बघत होते. मी म्हटलं, ‘मला काय, मला सगळं चालतं.’ त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ‘बगा मॅडम, पुढच्या रविवारपातूर सांगा. तवर मी पुस्तक उघडत न्हाय,’ असं म्हणून त्या बससाठी खाली उतरल्या.

तेव्हापासून फोन हातात घेते आणि ठेवते. पोरींनी पुस्तकांची नावं पाठवलीत, त्यांतलं एकही मी उघडलेलं नाही, आणि त्याचं अजून सुख वाटत नाही, नुसतं रिकामं वाटतं. बाईंना सांगायचं ते आधी तुला लिहून बघावं म्हणून बसले होते. पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तू असतीस तरी हे मी तुझ्या हातात तसंच दिलं नसतं. आधी वाचून, तीन टाके घालून दिलं असतं.

धाकटा भाऊ मरतो ते मला वाचायचं नव्हतं, आई. तेव्हाही वाचायचं नव्हतं.